वेगालाही आखाडा हवा : मोटार शर्यतींच्या प्रकारांचा इतिहास आणि कोल्हापूर

१.
मोटारींची शर्यत म्हटली की डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन उभी राहते. परंतु तो या वृक्षाचा केवळ एक फाटा आहे. सहनशक्तीच्या चोवीस तासांच्या शर्यती, जीटी मोटारींच्या शर्यती, एकाच बनावटीच्या मोटारींचे चषक, घाटचढाई, रॅली, कार्टिंग असे तिचे अनेक प्रकार आहेत. हे प्रकार कसे जन्मले, आणि त्या इतिहासातून कुस्तीच्या, फाउंड्रीच्या व बैलगाड्यांच्या कोल्हापूरने कोणता धडा घ्यावा, याविषयी हा धागा.

२.
आरंभ कोल्हापुरातूनच करणे उचित. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि परतल्यावर खासबाग मैदानाची कल्पना आकाराला आली. १९१२ साली ते पूर्ण झाले. मधोमध हौदा, सभोवती चढत जाणारी बैठक, कोठूनही कुस्ती दिसेल अशी रचना. कुस्ती कोल्हापुरात आधीपासून होतीच. महाराजांनी तिला जागा दिली, आणि जागेबरोबर शिस्तही आली.

३.
'आधी जागा, मग शिस्त, मग कीर्ती' हा क्रम लक्षात ठेवावा. मोटार शर्यतीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास याच क्रमाचा आहे. फरक इतकाच की कोल्हापुरात ही जागा एका राजाच्या दूरदृष्टीने मिळाली. युरोपात ती बहुतेक वेळा माणसे मेल्यानंतर मिळाली.

४.
पहिली मोटार स्पर्धा २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ या मार्गावर झाली. ती भरवली होती 'ल पती जुर्नाल' या वृत्तपत्राने. विशेष म्हणजे बक्षीस सर्वांत वेगवान वाहनाला ठेवलेले नव्हते. वाहन सुरक्षित, हाताळण्यास सोपे आणि चालवण्यास स्वस्त असावे, अशी कसोटी होती. सर्वांत आधी पोहोचलेले द दियाँ यांचे वाफेचे वाहन पहिल्या बक्षिसाला मुकले, कारण त्याला भट्टी सांभाळणारा दुसरा माणूस लागे. पहिले बक्षीस प्यूजो आणि पानार-लेव्हासोर यांना विभागून मिळाले.

५.
पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही सुमारे ११८० किलोमीटरची खरी शर्यत झाली. एमिल लेव्हासोर यांनी जवळजवळ एकट्याने ४८ तास ४८ मिनिटे गाडी हाकली आणि सर्वांच्या कितीतरी आधी ते परतले. तरीही पहिले बक्षीस दुसऱ्याला गेले! नियमाप्रमाणे गाडी चार आसनांची हवी होती. लेव्हासोर यांची दोन आसनांची होती. म्हणजे 'गट' ही संकल्पना शर्यतीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे. वजनगट न पाहता जोड लावली, तर कुस्ती निकाली होऊनही न्याय होत नाही; तसेच हे.

६.
यानंतरची आठ वर्षे शहर ते शहर अशा शर्यतींची. मार्ग सार्वजनिक, धूळ अपार, आणि कडेला बघ्यांच्या भिंती. २४ मे १९०३ रोजी पॅरिस–माद्रिद शर्यतीत दोनशेहून अधिक वाहने व्हर्सायहून सुटली. बोर्दोपर्यंत पोहोचेतो चालक, मदतनीस आणि बघे यांचे इतके बळी गेले की सरकारने शर्यत तेथेच थांबवली. रेनो कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो याच शर्यतीत गेले. उरलेल्या गाड्या घोडे जुंपून रेल्वे स्थानकापर्यंत ओढून नेण्यात आल्या, असे तेव्हाचे वृत्तान्त सांगतात.

७.
या एका दिवसाने शहर ते शहर शर्यतीचे युग संपले. शर्यत मात्र संपली नाही. तिने जागा बदलली. त्याच वर्षी जुलैत गॉर्डन बेनेट चषक आयर्लंडमध्ये झाला. ब्रिटिश कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला मनाई होती. म्हणून संसदेने खास कायदा संमत केला, ठरावीक रस्ते ठरावीक दिवशी बंद केले आणि त्या बंद फेऱ्यावर शर्यत घेतली. कामी जेनात्झी हे मर्सिडीज घेऊन जिंकले. 'बंद मार्गावरील शर्यत' हा प्रकार असा प्रतिष्ठित झाला.

८.
दुसरी पायरी कायमच्या ट्रॅकची. १९०७ साली इंग्लंडात सरे परगण्यात ब्रुकलँड्स उभे राहिले. वळणांवर उंच तिरकी भिंत असलेला तो काँक्रीटचा ट्रॅक केवळ मोटारींसाठी बांधला होता. १९०९ साली अमेरिकेत इंडियानापोलिस, १९२२ साली इटलीत मोंझा. शर्यत आता कोणाच्या दारावरून जात नव्हती. तिकीट काढून, ठरलेल्या जागी बसून पाहता येत होती. खासबाग आणि ब्रुकलँड्स एकाच दशकातील कल्पना आहेत, हा योगायोग सुंदर आहे.

९.
'स्पोर्ट्स कार' म्हणजे नेमके काय? फॉर्म्युला प्रकारची गाडी केवळ शर्यतीसाठी जन्मते: एक आसन, उघडी चाके. स्पोर्ट्स कारचे मूळ रस्त्यावरच्या गाडीत आहे: दोन आसनांची सोय, चाकांवर झाकण, पुढे दिवे. पहिलीची ग्रां प्री १९०६ साली सुरू झाली. दुसरीची सर्वांत मोठी परीक्षा १९२३ साली फ्रान्समधील ल माँ येथे सुरू झाली. चोवीस तासांत जो सर्वाधिक अंतर कापेल तो श्रेष्ठ. रात्रीचे दिवे, ब्रेक, इंजिनाचा टिकाऊपणा अशा सर्वांचीच कसोटी तेथे लागे.

१०.
म्हणून ल माँची शर्यत डाव टाकून क्षणात चितपट करणाऱ्या मल्लाची नव्हे. तासभर घाम गाळून दम राखणाऱ्याची आहे. गाडी एक, चालक आळीपाळीने बदलणारे, आणि मागे मेकॅनिकांचा ताफा. चाक बदलणे, इंधन भरणे, बिघाड ओळखणे या कामांतील एकेक मिनिट निकाल फिरवते. या प्रकारात कारागिराचा हात चालकाच्या पायाइतकाच मोलाचा आहे. कोल्हापूरच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुढे त्याकडे वळायचे आहे.

११.
इटलीला मात्र खुल्या रस्त्याचा मोह सुटत नव्हता. सिसिलीच्या डोंगरांतील टार्गा फ्लोरिओ १९०६ पासून, आणि ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणारी हजार मैलांची मिले मिलिया १९२७ पासून. १९५५ साली स्टर्लिंग मॉस यांनी शेजारी डेनिस जेन्किन्सन यांना बसवून ही शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर. जेन्किन्सन यांनी प्रत्येक वळणाची नोंद कागदाच्या गुंडाळीवर करून आणली होती आणि हातवाऱ्यांनी ते पुढचे वळण सांगत होते.

१२.
हा पराक्रम मे महिन्यातला. त्याच वर्षी ११ जून रोजी ल माँ येथे पिएर लेव्हे यांची मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून बांधावर चढली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि स्वतः लेव्हे मृत्युमुखी पडले. मोटार शर्यतीच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना. त्या हंगामानंतर मर्सिडीज कंपनी कित्येक वर्षे शर्यतींपासून दूर राहिली. स्वित्झर्लंडने सर्किटवरील शर्यतींवर घातलेली बंदी तर अनेक दशके टिकली.

१३.
दोनच वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, मिले मिलियात अल्फोन्सो द पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर ग्विदिझोलो गावाजवळ फुटला. चालक, सहचालक आणि रस्त्याकडेचे नऊ बघे गेले. त्यांत पाच मुले होती. खुल्या रस्त्यावरची मिले मिलिया तेथेच संपली. आज त्या नावाने जुन्या गाड्यांची नियमितता-स्पर्धा होते. त्यात वेगाला बक्षीस नाही, ठरलेल्या वेळेत पोहोचण्याला आहे. टार्गा फ्लोरिओलाही १९७३ नंतर जागतिक अजिंक्यपदात स्थान उरले नाही.

१४.
ल माँनेच आणखी एक धडा दिला. तेथे चालक रस्त्याच्या एका कडेला उभे राहत. झेंडा पडताच पलीकडच्या गाडीकडे धावत आणि उडी मारून निघत. दृश्य नाट्यमय, पण घाईत पट्टा बांधायचा राहून जाई. १९६९ साली तरुण जॅकी इक्स यांनी निषेध म्हणून धावण्याचे नाकारले. ते गाडीकडे चालत गेले, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी सुटले. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत, पट्टा न बांधलेले जॉन वूल्फ गेले. चोवीस तासांनंतर इक्स अवघ्या शंभर-सव्वाशे मीटरने जिंकले. पुढच्या वर्षी धावत सुटण्याची प्रथा बंद झाली.

१५.
आता गटांविषयी. १९५३ साली स्पोर्ट्स कारचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले आणि तेव्हापासून नियमकर्त्यांचा सारा खटाटोप एका प्रश्नाभोवती फिरतो आहे: कोणाची जोड कोणाशी लावावी? उत्तरादाखल दोन मोठी घराणी निर्माण झाली. एक प्रोटोटाइप, म्हणजे शर्यतीसाठीच घडवलेल्या गाड्या. दुसरे जीटी, म्हणजे विक्रीस असलेल्या गाडीवरून तयार केलेल्या गाड्या. ल माँ येथे आजही हायपरकार आणि जीटी गाड्या एकाच वेळी धावतात. प्रत्येक गटाचा विजेता वेगळा. माती आणि गादी एकाच फडात, असे म्हणावे.

१६.
गट ठरवण्याची मापेही काळानुसार बदलली. कधी इंजिनाचा आकार मर्यादित केला. १९६८ साली प्रोटोटाइपना तीन लिटरची मर्यादा घातली गेली. १९८२ साली आलेल्या 'ग्रुप सी'ने इंजिन जवळपास मोकळे सोडले आणि इंधनाला वेसण घातली: ठरलेल्या इंधनात ठरलेले अंतर काढा. २००६ साली आलेल्या जीटी थ्री गटात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना वजन आणि शक्ती कमी-जास्त करून समतोल राखला जातो. मल्ल तुल्यबळ असतील तरच कुस्ती रंगते, हे पंचांना उमगले होते.

१७.
याच तत्त्वाचे टोक म्हणजे एकाच बनावटीच्या गाड्यांचा चषक. गाड्या सर्वांच्या सारख्या, म्हणून निकाल चालकाच्या कौशल्यावर. त्याच्या शेजारी टूरिंग कार, म्हणजे घरगुती चार दारांच्या गाड्यांची शर्यत. घाटचढाईत एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. इंग्लंडातील शेल्सली वॉल्श येथे ती १९०५ पासून चालू आहे. रॅलीत बंद केलेल्या टप्प्यांवर गाड्या एकामागून एक सुटतात. ऑटोक्रॉस आणि स्लॅलमला तर एक मोठे मोकळे मैदान आणि रबरी शंकू पुरतात.

१८.
आणि सर्वांत धाकटा, तरीही सर्वांची पहिली पायरी असलेला प्रकार म्हणजे कार्टिंग. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले आणि कार्ट जन्मले. ना गिअर, ना स्प्रिंगा. जमिनीपासून चार बोटे वर बसून वळण कसे घ्यावे हे शरीराला शिकवणारे साधन. जगातील बहुतेक नामांकित चालकांचे बालपण कार्टमध्ये गेले आहे. कार्टिंग ही मोटार शर्यतीची तालीम होय.

१९.
भारतात हा खेळ लवकर पोहोचला. १९०४ च्या डिसेंबरात दिल्ली ते मुंबई अशी विश्वसनीयता-चाचणी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, जसे इंग्लंडात सिल्व्हरस्टोन आणि अमेरिकेत सेब्रिंग विमानतळांच्या धावपट्ट्यांवर वसले, तसेच येथे मद्रासजवळ शोलावरम आणि मुंबईत जुहू येथे धावपट्ट्यांवर शर्यती रंगल्या. पुढे मद्रासच्या क्लबाने इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा ट्रॅक बांधला. जुहूच्या मागे मात्र महाराष्ट्रात बराच काळ तसे काही उभे राहिले नाही. ज्या राज्यात पुणे, चाकण, पिंपरी, नाशिक, औरंगाबाद येथे गाड्या बनतात, त्या राज्याने गाड्या धावण्याच्या खेळाची जागा शेजाऱ्यांना देऊन टाकली.

२०.
कोल्हापूरने आपली तुलना करावी ती कोइमतूरशी. दोन्ही मध्यम आकाराची शहरे, दोन्ही ओतकाम, पंप आणि इंजिनांची. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी देशी सुट्या भागांतून स्वस्त शर्यती गाड्या घडवल्या आणि तरुणांच्या हाती दिल्या. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. २००३ साली त्यांच्या नावाने करी मोटर स्पीडवे हा सुमारे दोन किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन याच शहराचे. एका कारखानदाराच्या छंदाने शहराला ओळख दिली.

२१.
कोल्हापूरकडे याहून कमी काय आहे? म्हादबा मेस्त्री यांच्या ऑइल इंजिनाची कथा येथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथील भट्ट्यांतून निघालेले ओतीव भाग देशभरच्या वाहनांत बसतात. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा हजारो डोळे तिच्यावर खिळतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवताना पुंगळी काढलेल्या मोटारसायकलचा आवाज घुमतो आणि सजवलेली म्हैस मालकाच्या गाडीमागे धावते. यंत्राचे आणि वेगाचे प्रेम या मातीला उसने आणावे लागत नाही.

२२.
तालीमही येथे आहे. मोहिते कुटुंबाने उभारलेल्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या एकाच बनावटीच्या चषकांत उतरले. कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचले. देशाच्या दक्षिणेबाहेरील एका जिल्ह्याच्या गावासाठी ही कामगिरी लहान नाही. परंतु हे यश घराण्यांच्या बळावर मिळाले आहे. खासबाग कोणा एका घराण्याच्या पोरांसाठी बांधलेले नव्हते. शेताच्या बांधावरून आलेला पोरही तेथे शड्डू ठोकू शकत होता. कमतरता नेमकी तेथे आहे.

२३.
जागा नसली की वेग रस्त्यावर येतो. पुणे–बंगळूरु महामार्ग, पन्हाळ्याचा चढ, गगनबावड्याकडे जाणारा रस्ता, आंब्याचा घाट: मोकळा रस्ता आणि तापलेले इंजिन एकत्र आले की पॅरिस–माद्रिदचीच पुनरावृत्ती होते, फक्त झेंडा दाखवणारा कोणी नसतो. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने वा उसाच्या ट्रॅक्टरने त्या शर्यतीत नाव घातलेले नसते. मृत्यूची जोखीम पत्करणे हा चालकाचा निर्णय असू शकेल. ती दुसऱ्यावर लादणे हा खेळ होत नाही.

२४.
कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. पण या कलमातील 'लेखी संमतीशिवाय' हे शब्द नीट वाचावेत. कायद्याने दार बंद केलेले नाही. किल्ली शासनाच्या हाती ठेवली आहे. १९०३ च्या आयर्लंडचा मार्ग येथेही मोकळा आहे.

२५.
बैलगाडा शर्यतीचे उदाहरण तर ताजे आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती बंद झाली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. शर्यत परतली ती परवानगी, तपासणी आणि अटी घेऊन. जिल्हाधिकाऱ्यांपुढे अर्ज करणे, मैदान आखणे, पशुवैद्यक ठेवणे हे ज्या गावांना जमले, त्यांना मोटारींसाठी रुग्णवाहिका, अग्निशमन आणि कठडे ठेवणे अवघड का जावे?

२६.
आक्षेप रास्त आहेत. पहिला: ट्रॅकवरही माणसे मरतात. खरे आहे. जानेवारी २०२३ मध्ये अनुभवी चालक के. ई. कुमार चेन्नईजवळील ट्रॅकवर शर्यतीतच गेले. परंतु तेथे रुग्णवाहिका उभी होती, शर्यत तत्काळ थांबली आणि वाटेवर कोणी अनोळखी वाटसरू नव्हता. ट्रॅक मृत्यू पुसून टाकत नाही. तो जोखीम पत्करणाऱ्यापुरती ठेवतो आणि प्रत्येक अपघातातून नियम घडवतो. रस्त्यावरच्या अपघातातून फक्त गुन्हा नोंदवला जातो.

२७.
दुसरा आक्षेप: हा श्रीमंतांचा खेळ, सार्वजनिक पैसा कशाला? येथे नोएडाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. पाच किलोमीटरहून लांब असा भव्य बुद्ध सर्किट २०११ साली उभा राहिला, तीन वर्षे फॉर्म्युला वन आली आणि करांच्या वादात ती गेली. तसा पांढरा हत्ती कोल्हापूरला नको. करीच्या आकाराचा दोन किलोमीटरचा ट्रॅक, त्यालगत कार्टिंग, आणि बाजूला स्लॅलमसाठी मोकळा चौक इतके पुरे. आठवडाभर तो चालक-प्रशिक्षण, वाहन-चाचणी आणि अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या गाड्यांसाठी वापरता येईल.

२८.
तिसरा आक्षेप आवाजाचा आणि जमिनीचा. हाही गंभीर आहे. ऊस पिकवणारी काळी जमीन ट्रॅकसाठी घेऊ नये. वस्तीलगत तर मुळीच नको. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ आज विमानांनी गजबजला आहे, म्हणून जुहू-शोलावरमची वाट येथे बंद आहे. उरतो औद्योगिक वसाहतींलगतचा माळ. जेथे घणाचा आवाज आधीच आहे, तेथे इंजिनाचा आवाज परका ठरणार नाही. आवाजाची मर्यादा आणि शर्यतीच्या दिवसांची संख्या मात्र आधी ठरवून, लेखी बांधून घ्यावी.

२९.
चौथा प्रश्न सर्वांत कठीण: ट्रॅक झाला म्हणून रस्त्यावरचा वेग थांबेल का? आपोआप थांबणार नाही. खासबाग झाल्यावरही गल्लीतल्या मारामाऱ्या संपल्या नाहीत. पण तालमीतल्या पोराला वस्ताद विचारू लागला, 'ताकद आहे ना, मग मैदानात ये.' आज पोलिसाजवळ फक्त दंडाची पावती आहे. असे बोलावण्याजोगे मैदान त्याच्याजवळ नाही. मैदान असेल तर दंड अधिक कठोरपणे करण्याचा नैतिक अधिकारही समाजाला मिळेल.

३०.
तोवर थांबण्याचेही कारण नाही. एखाद्या मोकळ्या मैदानावर महिन्यातून एक रविवार स्लॅलम. वर्षातून एक दिवस एखादा घाट पूर्ण बंद करून, कायदेशीर संमतीने घाटचढाई. फाउंड्री संघटनांनी मिळून कार्टिंगसाठी गरजू मुलांना शिष्यवृत्ती. आणि उद्यमनगरातल्या मेकॅनिकांसाठी सहनशक्ती-शर्यतीच्या धर्तीवर चार तासांची साधी स्पर्धा. यातल्या एकालाही राजवैभव लागत नाही. लागते ती प्रशासनाची सही आणि गावाची तयारी.

३१.
मोटार शर्यतीचा प्रत्येक प्रकार म्हणजे कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिलेला नियम आहे. बंद मार्ग पॅरिस–माद्रिदनंतर आला, पट्ट्याची शिस्त वूल्फनंतर आली, हजार मैलांच्या रस्त्याची जागा सर्किटने घेतली ती ग्विदिझोलोच्या पाच मुलांनंतर. हे नियम आयते उपलब्ध आहेत. त्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. ती पुन्हा पन्हाळ्याच्या रस्त्यावर मोजण्याचा आग्रह कोल्हापूरने धरू नये.

३२.
शाहू महाराजांनी कुस्तीला मैदान दिले तेव्हा ते कोणत्याही दुर्घटनेची वाट पाहत थांबले नव्हते. दूर देशी पाहिलेली एक चांगली गोष्ट त्यांनी आपल्या मातीत रुजवली, एवढेच. त्याच शहरात आज वेग पोरका होऊन महामार्गावर फिरतो आहे. त्याला बोलावून आणावे, पट्टा बांधावा, आणि पंचांसमोर उभे करावे. कोल्हापुरात शड्डू ठोकायला जागा आहे. ॲक्सिलरेटर दाबायलाही ती असायला हवी.